निजामपुरा ते ब्रॉन्क्स: हुशार पोरांच्या शाळांच्या अठरा भन्नाट गोष्टी

दहावीचा निकाल लागला की वडोदऱ्याच्या निजामपुऱ्यातल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते: ‘ए ग्रुप की बी ग्रुप?’ गुजरात बोर्डात गणितवाल्यांचा ए, जीवशास्त्रवाल्यांचा बी. म्हणजे एक वाट इंजिनीअरिंगची, दुसरी मेडिकलची. पण एखादं पोरगं खरोखरच विज्ञानवेडं असेल तर? त्याला नोकरीच्या आधी प्रश्न पडत असतील तर? जगभरात अशा मुलांसाठी सरकारी खर्चाने खास शाळा निघाल्या. काही आपल्याकडे निघाल्या, काही रशियात, अमेरिकेत, व्हिएतनाममध्ये. त्या शाळांच्या आणि त्यांच्या शेजारपाजारच्या या अठरा गोष्टी. सुरुवात अर्थातच वडोदऱ्यापासून!

१. नोबेलवाला वडोदऱ्याचा

२००९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले वेंकटरामन रामकृष्णन वडोदऱ्यात लहानाचे मोठे झाले. जन्म तमिळनाडूत चिदंबरमचा, पण तिसऱ्या वर्षीच कुटुंब इथे आलं. वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख, आई राजलक्ष्मी यासुद्धा संशोधक. धाकटी बहीण ललिता वडोदऱ्याच्याच मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली आणि पुढे केंब्रिजमध्ये क्षयरोगावर संशोधन करू लागली. भाऊ आणि बहीण दोघेही रॉयल सोसायटीचे फेलो. भाऊ तर २०१५ ते २०२० या काळात त्या सोसायटीचा अध्यक्ष!

२. भौतिकशास्त्राची पदवी, रसायनशास्त्राचं नोबेल, विषय जीवशास्त्राचा

हुशार मुलाने डॉक्टर व्हावं, ही तेव्हाचीही रीत होती. रामकृष्णन यांच्यासमोरही मेडिकलची वाट होती. पण त्यांना नॅशनल सायन्स टॅलेंटची शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिची अटच होती की मूलभूत विज्ञान शिकायचं. त्यांनी सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. फिजिक्सला प्रवेश घेतला आणि १९७१ मध्ये पदवी घेतली. पीएच.डी.सुद्धा फिजिक्सचीच, अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाची. ती हातात पडल्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला घेतलं! पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडली, ती त्यानंतर. एका सरकारी शिष्यवृत्तीची एक अट एका मुलाला कुठवर नेऊ शकते, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

३. दहा मुलांपासून सुरुवात

ही शिष्यवृत्ती १९६३ मध्ये सुरू झाली, तीही फक्त दिल्लीत आणि फक्त दहा मुलांसाठी. पुढच्याच वर्षी ती देशभर गेली आणि आकडा झाला ३५०. परीक्षेबरोबर प्रकल्प अहवाल, मुलाखत आणि निवड झालेल्यांसाठी उन्हाळी वर्ग, असा सगळा थाट होता. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीनचा आकृतिबंध आला, तेव्हा तिचं रूप बदललं. नावातलं ‘सायन्स’ गेलं, सामाजिक शास्त्रं आली आणि आपल्या ओळखीची ‘एनटीएस’ जन्माला आली. शिष्यवृत्त्या वाढत वाढत दोन हजारांवर पोहोचल्या. २०२१ पासून मात्र ही योजना थांबलेली आहे. ती पुन्हा सुरू व्हायला हवी, हे आम्ही अगदी ठणकावून सांगतो.

४. राजासाठी काढलेली शाळा

वडोदऱ्यातली सर्वांत खास शाळा कोणती? एका शेतकऱ्याच्या मुलासाठी काढलेली! नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये बाराव्या वर्षी इथल्या राजघराण्यात दत्तक आला आणि सयाजीराव गायकवाड झाला. तोवर शिक्षण जवळजवळ नाहीच. मग एलियट साहेबांच्या देखरेखीखाली राजवाड्याची खास शाळा सुरू झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषा एकदम. सोबतीला निवडक मुलं. अवघ्या सहा वर्षांनी, १८८१ च्या डिसेंबरात, या विद्यार्थ्याने राज्याची सूत्रं हाती घेतली. उशिरा शिकायला बसलेला मुलगाही किती लांब मजल मारतो, ते वडोदऱ्याने तेव्हाच पाहिलं.

५. आधी सगळ्यांना शाळा

स्वतः शिकलेला हा राजा मग सगळ्यांना शिकवायला निघाला. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. स्वतंत्र भारतात शिक्षणाच्या हक्काचा कायदा आला २००९ मध्ये. मधलं अंतर शंभर वर्षांहून जास्त! हुशार मूल शोधायचं तर आधी प्रत्येक मूल शाळेत यायला हवं. नाहीतर शोधणार कोणाला?

६. महिना साडेअकरा पौंड

१९१३ मध्ये बडोदे सरकारने एका तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली: दरमहा साडेअकरा पौंड. त्याआधी मुंबईत बी.ए. करतानाही त्याला दरमहा २५ रुपये संस्थानाकडूनच मिळत होते. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. सार्वजनिक पैसा योग्य विद्यार्थ्यावर खर्च झाला की देशाच्या पदरात काय पडतं, हे सांगायला आणखी पुरावा लागत नाही.

७. फाळक्यांचं कॉलेज

१८९० मध्ये वडोदऱ्यात कलाभवन निघालं. त्याचे कर्तेधर्ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर, रसायनशास्त्राचे जाणकार. नाव कलाभवन, पण तिथे रंगाई, यंत्रविद्या, बांधकाम अशी हाताला काम देणारी विद्या शिकवली जाई. शास्त्रीय विषय देशी भाषांतून शिकवता यावेत म्हणून गज्जरांनी पुस्तकं तयार करण्याचा उद्योगही मांडला होता. याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके शिकले. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. आज कलाभवनाचा वारसा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेकडे आहे.

८. पहिल्या दोनपैकी एक नवोदय आपल्या अमरावतीत

खेड्यातल्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारने निवासी शाळा काढायच्या ठरवल्या, तेव्हा १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोनच शाळा सुरू झाल्या. एक हरियाणात झज्जरला, दुसरी महाराष्ट्रात अमरावतीला. आज जवाहर नवोदय विद्यालयं साडेसहाशेहून अधिक आहेत. साधारण प्रत्येक जिल्ह्यात एक. अपवाद तमिळनाडूचा, तिथे एकही नाही. प्रवेश सहावीत, एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं शाळेकडून.

९. कागदाची घडी आणि एक भोक

नवोदयची प्रवेश परीक्षा बघण्यासारखी असते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यांतले निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, आणि तेही नुसत्या चित्रांचे. एक चौकोनी कागद दाखवतात. तो मधोमध दुमडला, पुन्हा एकदा दुमडला, मग कोपऱ्यात भोक पाडलं. आता उलगडल्यावर भोकं किती आणि कुठे? शेजारी चार आकृत्या, त्यांतली एक निवडायची. कुठे आरशातली प्रतिमा ओळखा, कुठे अर्धवट नक्षी पुरी करा, कुठे मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती शोधा. इथे पाठांतराचा उपयोग शून्य, आणि घरी कोणती भाषा बोलता याने काही अडत नाही. मेंढपाळाचं पोर आणि मामलेदाराचं पोर, दोघांपुढे कागद तोच आणि भोकही तेच. एक मात्र कडक नियम: सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

१०. चार डोंगर आणि एक वर्ष परमुलखात

नवोदयमधल्या मुलांची हाउस असतात अरावली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. देशाच्या चार कोपऱ्यांतले डोंगर एकाच शाळेत! आठवीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून, पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. नववीत तर धमालच. साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी हिंदी मुलखातून अहिंदी मुलखात आणि इकडची तिकडे जातात. मराठी मुलगा अचानक बिहार किंवा उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात, आणि तिकडची पोरं आपल्याकडे भाकरी-पिठल्याच्या पंगतीला. चौदाव्या वर्षी घडलेला असा प्रवास पुस्तकातल्या राष्ट्रीय एकात्मतेच्या धड्याहून फार पक्का बसतो.

११. महाराष्ट्राने आधीच करून दाखवलं होतं

नवोदयच्या दोन दशकं आधी महाराष्ट्राने स्वतःच्या हिमतीवर असाच प्रयोग केला. १९६० च्या दशकात राज्याचे शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी यांच्या पुढाकाराने शासकीय विद्यानिकेतनं निघाली. औरंगाबाद, साताऱ्यातलं पुसेगाव आणि राज्याच्या इतर भागांतही. ग्रामीण भागातली हुशार मुलं निवडायची, एका आवारात ठेवायची आणि सरकारी खर्चाने शिकवायची, हाच बेत. प्रशासन, वैद्यक, पत्रकारिता, संशोधन, जिथे जाल तिथे ‘आम्ही विद्यानिकेतनचे’ म्हणणारं कोणीतरी भेटतं आणि छाती फुगवून सांगतं. या शाळांकडे सरकारने नव्याने लक्ष द्यायला हवं. पूर्वी जमलं ते आजही जमेल.

१२. बुद्धी मोजून प्रवेश

पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला. शाळा खासगी, पण बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातला हा एक दीर्घ प्रयोग. प्रवेश पाचवीत, तोही मानसशास्त्रीय कसोट्या देऊन. बुद्धी एकसंध नसते, तिचे अनेक पैलू असतात, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांचा सिद्धान्त. तो धरून प्रबोधिनीने भारतीय मुलांसाठी चाचण्या घडवल्या. तिथलं ब्रीद असं की, हुशारी आपल्यापुरती ठेवायची नाही, समाजाच्या कामाला लावायची. म्हणून प्रयोगशाळेइतकंच महत्त्व ढोलताशावरच्या बरची नृत्याला आणि खेड्यातल्या शिबिरांना.

१३. मुलं तीच, भाषा सोपी केली

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. प्रा. व. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. केंद्राने एक धाडसी प्रश्न विचारला: महापालिकेच्या शाळांतली, दलित वस्त्यांतली मुलं विज्ञानात मागे पडतात, ती बुद्धी कमी म्हणून की आणखी कशामुळे? निवडक मुलांना केंद्रात बोलावून काही वर्षं शिकवलं, प्रयोग करू दिले. तेव्हा एक मोठा अडथळा सापडला पुस्तकाच्या अवघड, संस्कृतप्रचुर भाषेत. भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं आणि तीच मुलं शालान्त परीक्षेत उत्तम गुण घेऊन गेली. आमच्या मते मराठी शिक्षणाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग आहे, आणि तो प्रत्येक विज्ञानशिक्षकाला ठाऊक असायला हवा.

१४. जगाचे हुशार विद्यार्थी मुंबईत

हेच केंद्र आज आपल्या ऑलिंपियाडच्या तयारीचं ठिकाण. मानखुर्दच्या आवारात देशभरातली निवडक मुलं उन्हाळ्यात शिबिराला येतात आणि त्यांतून भारताचे संघ ठरतात. मुंबईने यजमानपणही अनेकदा भूषवलं. १९९६ मध्ये गणित, २००१ मध्ये रसायनशास्त्र, २००८ मध्ये जीवशास्त्र, २०१५ मध्ये भौतिकशास्त्र आणि २०२५ मध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड इथे भरलं. शाळकरी मुलांसाठी बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहेच. १९८१ पासून चालणारी ही परीक्षा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते: लेखी, मग प्रात्यक्षिक, मग स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत. नुसतं घोकून इथे सुवर्णपदक मिळत नाही.

१५. एका वर्गात दोन नोबेल

आता न्यूयॉर्क. ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स ही १९३८ मध्ये निघालेली सरकारी शाळा. फी नाही, प्रवेश परीक्षेवर. हिच्या माजी विद्यार्थ्यांना नऊ नोबेल मिळाली, त्यांतली सात भौतिकशास्त्राची! शेल्डन ग्लाशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग तर १९५० च्या एकाच तुकडीचे. शाळेतल्या मित्रांमुळेच आपण भौतिकशास्त्राकडे ओढले गेलो, असं ग्लाशो सांगत. १९७९ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, तेही एकाच कामासाठी. चांगल्या शाळेतला बाकावरचा सोबती शिक्षकाइतकंच शिकवतो, तो असा.

१६. तिसरा मानकरी झंगचा

त्याच १९७९ च्या नोबेलचे तिसरे मानकरी अब्दुस सलाम. ते आले होते पंजाबातल्या झंग या छोट्या गावातून. चौदाव्या वर्षी त्यांनी पंजाब विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत तोवरचे सर्वाधिक गुण मिळवले. लाहोरहून सायकलने गावी परतले तेव्हा सगळं गाव स्वागताला लोटलं होतं. केंब्रिजला जायला पैसा मिळाला तो छोट्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखलेल्या निधीतून. ब्रॉन्क्सला खास शाळा होती, झंगला शिष्यवृत्ती. दोन्हीकडे पैसा लोकांचा होता आणि पोहोचले तिघे एकाच मंचावर.

१७. तेरा वर्षांच्या मुलीने दार उघडलं

न्यूयॉर्कची दुसरी नामांकित शाळा स्टायव्हसंट. १९०४ पासून फक्त मुलग्यांची. १९६९ मध्ये ॲलिस डी रिव्हेरा या तेरा वर्षांच्या मुलीने न्यायालयात दाद मागितली: मुलगी म्हणून मला प्रवेश परीक्षाही का देऊ देत नाही? शाळेचे नियम बदलले आणि त्याच वर्षी मुलींना दार उघडलं. गंमत म्हणजे ब्रॉन्क्सने मुलींना १९४६ मध्येच घेतलं होतं. घरात हुशार लेक असेल तर ही गोष्ट तिला आजच सांगा.

१८. इस्पितळात शाळा, जंगलात शाळा

अमेरिकेतली पहिली सरकारी निवासी विज्ञानशाळा १९८० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला उघडली, ती एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत. इलिनॉयमधली अशीच शाळा उभारायला पुढे झाले भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन, आणि काही वर्षांतच, १९८८ मध्ये, त्यांनाही नोबेल मिळालं. तिथे बुधवारी नेहमीचे तास नसतात, मुलं स्वतःच्या संशोधनाला लागतात. मॉस्कोत १९६३ मध्ये थोर गणिती कोल्मोगोरोव यांनी दूरदूरच्या गावांतल्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. ते स्वतः वर्ग घेत, मुलांना भटकायला नेत, संगीत ऐकवत. व्हिएतनामने तर कमालच केली. १९६५ मध्ये, वरून बॉम्ब पडत असताना, हनोईच्या विद्यापीठाने गणितातल्या हुशार मुलांचा खास वर्ग सुरू केला आणि तो रानावनातल्या खेड्यात चालवला. याच परंपरेच्या शाळेत पुढे शिकलेल्या न्गो बाओ चाऊ यांना २०१० मध्ये फील्ड्स पदक मिळालं. फिलिपाइन्समध्ये सरकार शिकवतं, वर भत्ताही देतं. अट एकच: पुढे कॉलेजात विज्ञानाचीच वाट धरायची. वडोदऱ्याच्या रामकृष्णन यांना घातलेली अटही हीच होती.

तर, वाचकहो,

बुद्धी गाव, जात, भाषा किंवा बापाचा पगार बघून जन्माला येत नाही. ती शोधावी लागते, आणि शोधायला लोकांचा पैसा आणि लोकांची चिकाटी लागते. सयाजीरावांनी ती दाखवली, मधुकररावांनी दाखवली, अमरावतीने दाखवली. आता आपली पाळी. निजामपुऱ्यात असा, नंदुरबारला असा की नाशकात, तुमच्या ओळखीच्या कुठल्याशा गावात पाचवीत शिकणारं, चौकस, सतत ‘का’ विचारणारं एक तरी पोर असेलच. त्याच्या घरच्यांना नवोदयच्या परीक्षेची माहिती द्या. अर्ज ऑनलाइन असतो, त्याला फी लागत नाही. त्यांना जमत नसेल तर शेजारी बसून तो भरून द्या आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतली कागदाच्या घडीची चार कोडी त्या पोरासोबत सोडवा. यंदाच करा, कारण पाचवीचं वर्ष एकदाच येतं आणि ती परीक्षाही एकदाच देता येते.